मळीचा साक्षीदार

"शंभर मण दगड नेलेस आणि लोखंड आणलंस वीस मण! बाकीचं गेलं कुठं?" जांभूळगडचा राजा मालदेव गरजला.

भट्टीवाला गोंदा धावड चाचरत म्हणाला, "बाकीची मळी निघाली, महाराज!"

"मळी? चोरी लपवायला तुम्हीच काढलेला शब्द! अर्थ काय त्याचा? आला कुठून? उद्या दुपारी साक्षीदार हजर कर. त्यानं जन्मात भट्टी पाहिलेली नसावी आणि तो खोटं बोलतो असं मला म्हणता येऊ नये. नाहीतर तुझी भट्टी फोडली म्हणून समज!"

झालं! राणीनं सूर्य उगवला म्हटलं तरी हा राजा खिडकी उघडून खात्री करायचा. त्याला खरा वाटेल असा माणूस आणायचा कुठून? घरी येऊन गोंदानं कपाळाला हात लावला. भाता ओढणारी त्याची लेक धुरपा शेजारी येऊन बसली. भट्टी गेली तर खायचं काय?

जरा वेळानं ती म्हणाली, "बाबा, राजाला गूळ लई आवडतो म्हणं?"

"गुळाबिगर पाणी पीत न्हाई! पण माझी भट्टी फुटायची येळ आलीय आन् तुला गूळ सुचतोय?"

धुरपा तडक शेजारच्या गुऱ्हाळावर गेली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "साक्षीदार येतोच आहे, महाराज. तोवर हा ताजा गूळ चाखा. रसातलं कणभरही वाया घालवलं नाही!"

राजानं खूश होऊन मोठा खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. "शी! अगं बये, मळी काढलीच नाहीस?"

"ती काय असते, महाराज?"

"एवढंही ठाऊक नाही? रस उकळला की घाण वर येते, ती मळी! ती काढून फेकली की मगच चोख गूळ मिळतो!"

धुरपानं हात जोडले. "आमचे आजोबा उसाच्या दिवसांत गुऱ्हाळावर राबायचे, एरवी भट्टीवर. दगड वितळल्यावर तशीच घाण निघाली, तेव्हा तोच शब्द त्यांनी इकडं आणला. आमच्या घरात चोरी झाली ती एवढीच! महाराजांनी तर कधी भट्टी पाहिलेली नाही. आता साक्षीदाराला खोटं म्हणायचं असेल तर म्हणा!"

राजा पोट धरधरून हसला. "दगडांची अख्खी टेकडी तुला इनाम दिली, पोरी! फक्त पुन्हा गूळ करू नकोस!"