साळूबाईची पाठ

रानाला अजून वाट फुटली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चोरीची खबर द्यायची तर चिंचेच्या ढोलीत येऊन कुजबुजायचं, अशी रीत होती. हे काम साळूबाई साळिंदरीण फुकट सांभाळायची. बोलणारा दिसू नये म्हणून ती ढोलीकडे पाठ करून बसायची.

एकदा रानबोका गुरगुरत थेट तिच्या तोंडापुढे आला. "माझं नाव कोणी सांगितलं? त्या टिटवीनंच ना? फाडतोच तिला!"

"अरे मेल्या, अंडी चोरीला जातात, एवढीच खबर आली. नाव कोणी घेतलंच नव्हतं. आत्ता तूच घेतलंस."

बोका वरमला. "मग माझंही नाव गुप्त ठेव की, साळूबाई."

"पाठीमागून बोलला असतास, तर ठेवलं असतं," म्हणत तिनं काटे फुलवले आणि साऱ्या रानाला हाक मारली.