ॲशकोमच्या माडीवर उठलेला हात

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेपलच्या झाडीत, ॲशकोम नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या मधोमध पांढऱ्या फळ्यांचे जुने सभागृह उभे आहे. दर वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी गावचे सगळे मतदार तिथे जमतात आणि रस्ते, कुंपणे, शाळा यांचे निर्णय समोरासमोर बसून घेतात. मात्र कामकाजाला सुरुवात होण्यापूर्वी देशाची राज्यघटना पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचली जाते, आणि ते वाचन संपेपर्यंत कोपऱ्यातली लोखंडी शेगडी पेटवायची नाही असा रिवाज आहे. बाहेर गुडघाभर बर्फ असले तरी माणसे कोट-टोप्यांसकट कुडकुडत बसून राहतात.

पाहुण्यांना सभागृह दाखवण्याचे काम रूथ हॅडली या वृद्ध बाई करतात. चाळीस वर्षे त्या गावच्या चिटणीस होत्या. शेगडीचे कोडे कुणी विचारले, की त्या सांगतात, ‘‘थंडी सोसवेना म्हणून या गावाने एकदा आपला एक माणूस गमावला. तेव्हापासून आम्ही थंडी सोसतो.’’ आणि मग पाहुण्यांना बाकावर बसवून त्या पुढची हकीकत सांगतात.

राज्यघटनेचा मसुदा नुकताच छापून गावोगाव गेला होता, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. प्रत्येक गावाने मसुदा ऐकायचा, त्यावर मत द्यायचे आणि आपल्या प्रतिनिधीला त्याप्रमाणे बजावून प्रांताच्या परिषदेत पाठवायचे, असे ठरले होते. ॲशकोमच्या सभेचे अध्यक्ष होते एलिफलेट थॉर्न. साठी उलटलेले, विधुर, नियमाला देवाइतके मानणारे. वाचनाचे कामही त्यांच्याकडेच असे, कारण गावात अडखळल्यावाचून वाचणारा दुसरा कुणी नव्हता.

एलिफलेटना मित्र असा एकच होता, तो म्हणजे टायटस. तो सुतार होता आणि वर्णाने काळा. दूर दक्षिणेतल्या एका मळ्यावरून पळून, सतरा नद्या ओलांडून तो या गावात पोचला, असे सांगतात. ॲशकोमच्या प्रांतात गुलामगिरी बंद झाली होती. गावाने त्याला कधी काही विचारले नाही. काम दिले, आणि त्याने सभागृहाचे बाक, दार, आतून सभेवर उघडणारी माडी, सारे आपल्या हातांनी घडवले. मतदार खाली बसत. ज्यांना मत नाही, म्हणजे बायका, नोकरमाणसे आणि टायटस, ते माडीवर. माडीवरच्याने सभेत बोलायचे नाही, हा नियम त्या इमारतीहून जुना होता.

सभेच्या आदल्या आठवड्यात एलिफलेट मसुद्याची पहिली ओळ घोकत होते आणि टायटस एका बाकाचा पाय बसवत होता.

‘‘‘आम्ही लोक’ म्हणजे किती हो, अध्यक्षसाहेब?’’ त्याने विचारले. ‘‘आकडा कळला तर तेवढे बाक करीन म्हणतो.’’

‘‘खाली तीस, वर चार. आहेत तेवढे पुरेत.’’

‘‘मग मी वरच्या लोकांतला, की खालच्या?’’

‘‘तू आधी तो पाय सरळ बसव. गेल्या खेपेला याच बाकावरून पाद्रीबुवा पडले होते.’’

‘‘बाक सरळच होता. प्रवचन कलतं होतं,’’ टायटस म्हणाला, आणि दोघेही हसले. मग काम थांबवून तो म्हणाला, ‘‘सगळं वाचाल ना? मला शेवटपर्यंत ऐकायचंय.’’

‘‘सगळं वाचणार. नियमच आहे तसा,’’ एलिफलेट म्हणाले. त्यांच्या तोंडचा शब्द मोडलेला गावाने कधी पाहिला नव्हता.

सभेच्या दिवशी सकाळपासून बर्फाचे ढग दाटले होते. त्या काळी सभागृहात शेगडी नव्हती. डुकरे मोकाट सोडावीत की कोंडावीत या वादात दुपार गेली, आणि मसुदा हातात येईपर्यंत लोकांच्या पायांची संवेदना हरपली होती. एलिफलेट वाचू लागले. पहिल्या कलमातच प्रांतांची लोकसंख्या कशी मोजावी ते आले. स्वतंत्र माणसे पूर्ण मोजावीत आणि ‘इतर सर्व व्यक्ती’ तीन-पंचमांश धराव्यात, असे तिथे म्हटले होते. खाली कुणाच्या ते ध्यानातही आले नाही. ते ‘इतर’ म्हणजे गुलाम, पण गुलाम हा शब्द त्या सबंध कागदात कुठेच नाही. शब्दच नसल्यामुळे कान टवकारण्याचे कारणही नव्हते. वर टायटस मात्र पुढे झुकून बसला होता.

तिसरे कलम संपले तेव्हा जोसाया क्रॅग नावाचा शेतकरी उठला.

‘‘अध्यक्षमहाराज, कागद उत्तम आहे. पण माझ्या गाईंनी तो वाचलेला नाही, आणि धारेची वेळ झाली की त्या कुणाची वाट बघत नाहीत. उरलेला भाग वाचला असे समजावे, अशी मी सूचना मांडतो.’’

हशा पिकला. थंडीने काकडलेल्या दोघातिघांनी लगेच अनुमोदन दिले. ‘वाचला असे समजावे’ हा सभांचा जुनाच शिरस्ता. कुंपणाचे ठराव, डुकरांचे ठराव असेच संमत होत. उरले होते ते जेमतेम दहा मिनिटांचे वाचन.

तेवढ्यात एलिफलेटना माडीवर एक हात उठलेला दिसला. टायटसचा. बोलायचे नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने केवळ हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

एलिफलेटची बोटेही थंडीने आखडली होती. पण त्यांना आठवला तो नियम. माडीवरचा हात सभेच्या दृष्टीने हात नव्हे. त्यांनी नजर खाली वळवली आणि म्हटले, ‘‘उरलेला भाग वाचला असे समजण्यात येत आहे.’’

मग मतांसाठी टोपी फिरली. होकारासाठी मक्याचा दाणा, नकारासाठी घेवड्याची बी. टोपी उलटी केली तेव्हा टेबलावर नुसता मका सांडला, म्हणे. घेवड्याची एकही बी नव्हती. लोक आनंदाने घरी गेले. एलिफलेट वर पाहतात तो माडी रिकामी होती. त्या हाताविषयी ते टायटसशी पुढे कधी बोलले नाहीत, आणि टायटसनेही विषय काढला नाही.

पाच वर्षांनी, सफरचंदे उतरवायच्या दिवसांत, दक्षिणेतून एक गृहस्थ दोन माणसे घेऊन गावात आला. बोलण्यात अत्यंत सभ्य. त्याच्याकडे टायटसच्या जुन्या मालकाचे अधिकारपत्र होते, आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याची प्रत. स्थानिक न्यायाधीशाने ओळख पटवून दाखला दिला, की माणूस ताब्यात घेता येईल, असा तो कायदा. ॲशकोमचे न्यायाधीशही एलिफलेटच होते.

सगळे गाव सभागृहात लोटले. जोसाया क्रॅग कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला. ‘‘आमच्या प्रांतात गुलाम नसतात,’’ तो गरजला. ‘‘आमचा कायदा आम्ही करतो!’’

‘‘अगदी खरं,’’ तो गृहस्थ म्हणाला. ‘‘म्हणून तुमचाच कायदा दाखवतो. चौथं कलम. यावर या गावाचं मत आहे ना? एकही नकार नव्हता, असं ऐकलं.’’

एलिफलेटनी गावच्या पेटीतली तीच जुनी प्रत काढली आणि वाचले. एका प्रांताच्या कायद्याने सेवेस बांधलेली व्यक्ती पळून दुसऱ्या प्रांतात गेली, तर तिथल्या कोणत्याही कायद्याने ती मुक्त होणार नाही. मागणी होताच तिला परत सोपवले जाईल. त्या भिंतींमध्ये हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले जात होते. जोसायाची कुऱ्हाड खाली आली. ॲशकोमची माणसे दिलेले मत फिरवत नसत. त्या गावाला अभिमान होता तो याच गोष्टीचा.

‘‘थांबू नका,’’ टायटस म्हणाला. तो त्या गृहस्थाच्या दोन माणसांच्या मध्ये उभा होता. ‘‘शेवटपर्यंत वाचणार होता तुम्ही.’’

त्या गृहस्थाने घड्याळ पाहिले आणि मान हलवली. एलिफलेट वाचत राहिले. पाचवे, सहावे, सातवे कलम, मग सह्या, एकेक नाव. टायटस डोळे मिटून ऐकत होता. वाचन संपले.

‘‘त्या दिवशी तू हात का वर केला होतास?’’ एलिफलेटनी विचारले.

‘‘तीन-पंचमांशाचं ऐकलं होतं,’’ टायटस म्हणाला. ‘‘मी सुतार माणूस. वाटलं, पुढे कुठे तरी उरलेले दोन भाग असतील.’’

इथे कथेला दोन पाठ फुटतात. शेजारच्या गावांत सांगतात, की एलिफलेटनी लेखणी मोडली आणि सही दुसऱ्याच न्यायाधीशाने केली. लोककथा आपल्या माणसांना सहसा असेच धुऊन काढते. खुद्द ॲशकोममध्ये मात्र हा पाठ कुणी मानत नाही, आणि कथा पारखणाऱ्याला नेमके हेच महत्त्वाचे वाटावे. ॲशकोम म्हणते, त्यांनी सही केली. अक्षर सुरेख आले होते, असेही म्हणते. टायटसला गाडीत बसवले तेव्हा गाव दुतर्फा उभे होते आणि प्रत्येक जण आपल्याच जोड्यांकडे पाहत होता.

एलिफलेटनी दक्षिणेकडे बरीच पत्रे धाडली, म्हणे. एकाचेही उत्तर आले नाही. पुढल्या सभेत त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि ते जिना चढून माडीवर जाऊन बसले, जिथे बसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार नव्हता. त्याच सभेपासून गाव दर वर्षी आधी राज्यघटना शेवटपर्यंत वाचू लागले, आणि पुढे शेगडी आली तरी वाचन संपेपर्यंत ती पेटवेना. मरेपर्यंत नऊ वर्षे एलिफलेट माडीवरच बसत. शेवटच्या वर्षी, वाचन संपल्यावर, त्यांनी हात वर केला. नवा अध्यक्ष नियमाकडे पाहत होता आणि गाव अध्यक्षाकडे. अखेर जोसाया क्रॅगच उठला आणि रडत म्हणाला, ‘‘विचारा हो त्यांना! एकदा तरी विचारा, काय ऐकायचं राहिलंय!’’ अध्यक्षाने विचारले. एलिफलेट काहीच बोलले नाहीत. विचारले गेले, एवढेच त्यांना हवे असावे. सात दिवसांनी ते गेले.

टायटसचे पुढे काय झाले, हे ॲशकोमला कधी कळले नाही. आजही वाचन संपले की अध्यक्ष माडीकडे तोंड करतात आणि विचारतात, ‘‘वर कुणाचे काही ऐकायचे राहिले आहे का?’’ आता मत सर्वांना आहे, त्यामुळे वर कुणी बसत नाही. तरी गाव थांबते. मग चिटणीस इतिवृत्तात एक ओळ लिहितात. दोनशेहून अधिक वर्षांच्या वह्यांमध्ये, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, ती एकच ओळ आहे: ‘विचारले. उत्तर आले नाही.’