फक्कीवर असेल ते

एका तालुक्याच्या गावात एक भोळा फक्कीवाला होता. त्याचं नाव चिंधा. नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी जागा दाखवायची आणि चिंधाने बादलीतून मूठमूठ फक्की घेऊन जमिनीवर पांढरी रेषा मारायची, एवढंच त्याचं काम. मागून जेसीबी यायचा आणि फक्कीवर असेल ते काढून टाकायचा.

गावाच्या कडेला जुन्या दगडखाणीत ऐंशी घरांची वस्ती होती. गावातल्या सगळ्या रस्त्यांची खडी याच लोकांनी फोडलेली. त्यांच्या वस्तीत मात्र रस्ता नव्हता. दहा वर्षं अर्ज केल्यावर तो मंजूर झाला. साहेबांनी तो कचेरीत बसून नकाशावर पट्टीने आखला. नकाशात तिथे घरं नव्हतीच. हिरवा रंग होता. त्या हिरव्या रंगातली चौदा घरं सोमवारी जाणार होती. पहिलंच धुरपदाबाईचं.

“रेषा सरळ मार,” साहेब म्हणाले. “मध्ये काय वाट्टेल ते येऊ दे, थांबायचं नाही.”

चिंधा थांबला नाही. धुरपदाबाईच्या पुढच्या दाराने आत शिरला. चुलीवरून, तव्यातल्या भाकरीवरून, बाजेवर झोपलेल्या सासऱ्याच्या पोटावरून रेषा मारत मागच्या दाराने बाहेर पडला. रेषा अगदी सरळ होती.

“अरे मुडद्या, म्हाताऱ्याच्या पोटावरून रस्ता नेतोस होय?” धुरपदाबाई ओरडली.

“मी नाही मावशी. नकाशा नेतोय.”

म्हातारा पोटावरची रेषा न पुसता थेट कचेरीत गेला. साहेबांनी चिंधाला फैलावर घेतलं.

“गाढवा, माणूस मध्ये आला तर वळसा घालावा!”

“बरं, साहेब.”

घर मध्ये आलं तर काय करावं, ते साहेबांनी सांगितलं नाही. चिंधानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत कबड्डीचे सामने होते. चिंधाला मैदान आखायला पाठवलं. मैदानात पोरं दंड-बैठका काढत होती. चिंधाने चौदाच्या चौदा पोरांना वळसे घातले. मैदानाची जिलबी झाली. सामना सुरू झाला, पण आत कोण आणि बाहेर कोण हे पंचांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“अरे बैला,” साहेब म्हणाले, “आधी सगळ्यांना बाजूला व्हा म्हणावं. जागा मोकळी झाली की मग फक्की मारावी.”

“बरं, साहेब.”

तिसऱ्या दिवशी वस्तीत पाण्याचा टँकर यायचा होता. रांगेत भांडणं होतात म्हणून रांगेसाठी रेषा मारायची होती. बायका पहाटेपासून हंडे लावून उभ्या होत्या.

“बाजूला व्हा,” चिंधा म्हणाला.

“कुठवर रे?”

“साहेबांनी अंतर सांगितलं नाही. लांबच व्हा.”

बायका हंडे उचलून खाणीच्या पार टोकाला गेल्या. चिंधाने सावकाश, मन लावून रेषा मारली. टँकर आला. ड्रायव्हरने पाहिलं, रांग सुरेख आहे, रांगेत कोणी नाही. तो भरला टँकर घेऊन परत गेला.

रिकामे हंडे घेऊन बायका कचेरीत घुसल्या. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, “अरे मूर्खा, माणसं जिथनं जातात तिथनंच रेषा जायला हवी! माणसांशिवायची रेषा काय चाटायचीय?”

त्या कचेरीत कित्येक वर्षांत कुणी इतकं शहाणपणाचं बोललं नव्हतं. टिपून मात्र कुणीच घेतलं नाही. चिंधाने तेवढं लक्षात ठेवलं.

सोमवार उजाडला. वस्तीतल्या बायका रोज दार-अंगण झाडायच्या, त्यामुळे पहिली रेषा कधीच केरात गेली होती. साहेब सकाळीच मीटिंगला निघाले होते. जाता जाता म्हणाले, “दहाला जेसीबी येईल. वस्तीतली रेषा पुन्हा मारून ठेव.”

चिंधा बादली घेऊन वस्तीत गेला आणि वाट बघत बसला. धुरपदाबाई कामाला निघाली. घर आज राहतं की जातं, या काळजीने ती मागे वळून वळून बघत होती. चिंधा तिच्या मागोमाग फक्की टाकत निघाला.

“आता काय रे?”

“तुम्ही चाला, मावशी. मी येतो मागनं.”

“पायावर सांडू नकोस, मेल्या. म्हातारी पिठात नाचून आली म्हणतील.”

ती घरांमागून वळली, कोरड्या नळावरून, संडासाजवळून, नाल्याच्या कडेने गेली. पुढे एक उंच कंपाउंड होतं. ते कुणी तरी जुन्या पायवाटेवरच बांधलं होतं, म्हणून बायकांनी त्याला खिंडार पाडलं होतं. धुरपदाबाई खिंडारातून आत गेली, बंगल्याच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली आणि सिंकपाशी भांडी घासायला उभी राहिली. चिंधाची फक्कीही तिथवर गेली.

बंगला इंजिनिअर साहेबांचा होता. बाईसाहेब देवळात गेल्या होत्या.

दहाला जेसीबी आला. वस्तीत फक्कीवर कोंबड्यांचं एक खुराडं सापडलं, ते काढलं. घर एकही सापडलं नाही. पुढे कंपाउंड सापडलं. मग मागचं दार सापडलं. मग स्वयंपाकघराची भिंत सापडली.

साहेब मीटिंग सोडून धावत आले.

“चिंध्या! हे कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच, साहेब. माणसं जातात तिथनं.”

जेसीबीवाल्याने डोकं बाहेर काढलं. “साहेब, फक्की सिंकपाशी संपते. थांबू का?”

“थांब!” साहेब ओरडले. “संपली ना? बस्स!”

चिंधाने जीभ चावली.

“चुकलंच साहेब. भांडी झाली की मावशी धुणं वाळत घालायला गच्चीवर जातात.”

असं म्हणून त्याने बादलीत हात घातला आणि फक्की टाकत टाकत जिना चढायला लागला.