कौशल्याच्या चौदा ओळी

“मग सहा वर्षं मी इथं काय केलं, चाचा? माशा मारल्या?”

श्रीपालनं हातातला कागद नाकासमोर नाचवला.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेच्या अरुंद गल्लीतल्या त्या दोन खणी दुकानात, चटईवर मांडी घालून, ते एका तंबोऱ्याची तार सैल करत होते. साठ वर्षं त्यांनी तंबोरे घडवले होते. श्रीपाल चौगुले हा त्यांचा शेवटचा शिष्य. बी.कॉम. झाला, बँकेच्या परीक्षांवर पाणी सोडलं आणि इथं भोपळे कोरायला येऊन बसला. तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता.

“माशा कशाला मारशील? चांगलं काम केलंस,” चाचा म्हणाले.

“मग सही करा.”

चाचांनी तार आणखी थोडी सैल केली.

सांगलीत वाद्यं बनवायला शिकवणारं एक केंद्र नव्यानं निघालं होतं. शिकवणाऱ्याची एकच जागा. अर्ज आज पाचच्या आत पोचता व्हायला हवा होता आणि साडेतीन तर इथंच वाजून गेले होते. अर्जासोबत बायोडेटा, त्यात कौशल्यं ठळक अक्षरांत, आणि खाली उस्तादाची सही. सही नाही तर अर्ज बाद.

गेल्या वर्षी अशाच दुसऱ्या एका जागेसाठी त्यानं अर्ध्या पानावर सरळ लिहून दिलं होतं, ‘तंबोरे बनवतो.’ ती जागा ज्याला मिळाली, त्यानं जन्मात कानस हातात धरली नव्हती. बायोडेटा मात्र चार पानी होता. तो घास श्रीपालच्या घशात अजून अडकलेला होता.

यंदा तो तयारीनं आला होता. कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून नमुना आणून, तीन दिवस खपून, चौदा ओळी जमवल्या होत्या.

“वाच एकदा,” चाचा म्हणाले.

“सकाळी वाचून दाखवला की.”

“सकाळी तू वाचलास. मी चहा पीत होतो.”

श्रीपालनं दात आवळले आणि वाचायला सुरुवात केली.

“एक. भोपळ्याची अचूक पारख. दोन. दांडी आणि भोपळा यांचा पक्का सांधा. तीन. नेतृत्वगुण…”

“कुणाचं नेतृत्व?”

“तसं लिहायचं असतं, चाचा.”

“दुकानात आपण दोघं. म्हणजे माझं करतोस होय?”

“थट्टा नको. वेळ नाही माझ्याकडं.”

“बरं बरं. वाच.”

श्रीपाल वाचत राहिला. चाचांचे हात चालत राहिले. तार बाजूला सारायची, घोडीवर कानशीचा एक हलका हात, तार पुन्हा जागेवर, छेडायची, ऐकायची. पुन्हा तार बाजूला.

घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची बोटभर पाटली. तिचा माथा घासत घासत अशा जागी आणायचा, की एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. मग म्हणायचं, जवारी खुलली. केसभर कमी घासलं तर तार मुकी. केसभर जास्त झालं तर घोडी फुकट. घासून गेलेलं हाड परत येत नाही.

श्रीपालचा आवाज ओळीगणिक चढत गेला. ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ तर तो जवळजवळ ओरडलाच. रस्त्यानं जाणारी एक बाई थबकली, आत डोकावली आणि पुढं गेली.

“…चौदा. कामावर निष्ठा. झालं! करा आता सही.”

चाचांनी सही केली नाही. तार छेडली.

अख्खी खोली भरून गेली. भिंतीला टांगलेले कोरे भोपळेसुद्धा आतून बोलल्यासारखे वाटले.

“खुलली,” चाचा म्हणाले. “कधी खुलली रे?”

“मी वाचत होतो.”

“तेच तर. अकराव्या ओळीला खुलली. काय होती अकरावी?”

श्रीपालनं कागदाकडं पाहिलं. त्याचे कान तापले. तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सूक्ष्म श्रवणक्षमता.’

त्यानं ते मोठ्यानं वाचलं नाही. त्याऐवजी तो उसळला.

“हा रडीचा डाव झाला! वाचता वाचता कुणाला ऐकू येतं? आणि सांगलीतल्या त्या साहेबाला तरी कुठं जवारी ऐकू येणार आहे? त्याला कागद ऐकू येतो, चाचा! कागदावर नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही!”

“असेल.”

“असेल नव्हे, आहे! तुमचंच बघा. पुण्याचा तो व्यापारी तुमचा तंबोरा नेतो आणि त्यावर स्वतःच्या नावाची पितळी पट्टी ठोकतो. मोठमोठे गवई मैफिलीत त्या पट्टीचं नाव घेतात. तुमचं नाव कोण घेतं? आपल्या गल्लीतला दूधवाला तुम्हाला ‘ते कोपऱ्यावरचे सुतार’ म्हणतो!”

“म्हणतो खरा.”

“आणि तुम्हाला राग येत नाही?”

“येतो.”

श्रीपाल अडखळला. नाव काय, बेटा, नाव फक्त वरच्याचं, असलं काहीतरी संतासारखं उत्तर येणार म्हणून तो दबा धरून बसला होता. त्यावरचं सणसणीत प्रत्युत्तरही जिभेवर तयार होतं. ते तिथंच राहिलं.

“रोज येतो,” चाचा म्हणाले. “कानस उचलताना चपलांच्या शेजारी काढून ठेवतो.”

“मी नाही काढून ठेवणार! का ठेवू? माझा राग खरा आहे.”

“खराच आहे.”

“मग बघाच आता.”

त्यानं कागद बाजूला टाकला. कोपऱ्यातला दुसरा तंबोरा ओढून मांडीवर घेतला. तोही त्याच पुण्याच्या व्यापाऱ्याचा, उद्या जायचा होता. जवारी तेवढी राहिली होती.

“आत्ता, तुमच्यासमोर लावून दाखवतो. मग तरी सही कराल ना?”

चाचांनी हातातली कानस त्याच्यापुढं धरली.

श्रीपालनं तार सारली. एक हात. तार जागेवर, छेड… मुकी.

पुन्हा एक हात. कानशीखाली त्याला तो चार पानी बायोडेटा दिसत होता. छेड… अजून नाही.

पुन्हा एक. आता तार जरा जागी झाली.

पुन्हा एक, अगदी हलका. त्यानं तार छेडली आणि ती गुंजली. गोड, लांबवर, श्वास संपेपर्यंत.

त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून चाचांकडं पाहिलं. चाचा खाली बघत होते. शाबासकी नाही.

श्रीपालच्या मस्तकात पुन्हा तिडीक गेली. बरोबरीची जवारी यांना पुरत नाही काय! मग यांच्याहून सरस करून दाखवू. त्यानं तार पुन्हा सारली आणि आणखी एक हात मारला.

तार जागेवर आणली. छेडली.

करकर…

पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

“गेली,” श्रीपाल म्हणाला. चाचांची मान वर व्हायच्या आत.

“कधी?”

“या शेवटच्या हाताला.” त्याचा आवाज खाली आला होता. “त्याच्या आधीच्या हाताला खुलली होती, चाचा. मी ऐकली. स्वच्छ ऐकली… आणि तरी हात मारला.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. बाजूला पडलेला कागद उचलला, फळीवरचं पेन घेतलं, आणि चौदा ओळींच्या खाली, एकेक अक्षर कोरल्यासारखं, आपलं नाव लिहिलं. दस्तगीर इमामसाहेब सतारमेकर.

कागद श्रीपालपुढं धरला.

श्रीपाल पुन्हा भडकला. पण आता त्या भडकण्यात रडू मिसळलेलं होतं.

“हे काय, चाचा? सकाळपासून हात जोडतोय तेव्हा नाही, आणि आता, चांगल्या घोडीचं वाटोळं केल्यावर सही? माझी चेष्टा करताय? मी नाही नेणार असला कागद! खोटा आहे तो!”

“यात खोटं काय आहे? अकरावी ओळ तर आत्ता खरी केलीस, माझ्याआधी ऐकलंस.”

“ही!” त्यानं बिघडलेल्या घोडीवर बोट आपटलं. “ही कुठं आहे यात? चौदा ओळी आहेत. सांगा ना, ही कुठल्या ओळीत लिहू?”

चाचांनी हाडाच्या भुकटीनं पांढरं झालेलं बोट कागदावर ठेवलं. चौदाही ओळींच्या खाली, स्वतःच्या नावाशी. सहीची शाई अजून ओली होती.

“ही तुझ्या नाही, माझ्या ओळीत.”