फास ओळखणारी सशीण

एका माळरानावर करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशाला सशांची वस्ती होती. त्या वस्तीत एक प्रौढ सशीण राहत असे. तरुणपणी तिचा पुढचा पाय तारेच्या फासात सापडला होता. पाय सुटला, पण दोन बोटे गेली. तेव्हापासून माणसे फास कुठे आणि कसे लावतात, हे तिने नीट समजून घेतले. नुकतीच तोडलेली फांदी, वाटेच्या कडेला मुद्दाम रोवलेल्या काड्या, मातीला लागलेला माणसाच्या हाताचा वास, असे सारे ती अचूक हेरत असे. तिच्यामुळे कितीतरी ससे वाचले होते. त्यामुळे माळावर काही नवे दिसले, की ससे तिच्याकडे धावत येत आणि विचारत, "बाई, हा फास आहे का हो?"

सुरुवातीला ती जवळ जाऊन, हुंगून, मगच उत्तर देत असे. पण मुलांनो, मान मिळू लागला की तो गमावण्याची धास्तीही वाटू लागते. सशिणीच्या मनात आले, 'आपण फास नाही म्हणायचे आणि नेमके कोणीतरी अडकायचे! सगळा दोष आपल्या माथी येईल. त्यापेक्षा फास आहे म्हणावे. मग तिकडे कोणी जाणार नाही, आणि आपले चुकले हे कोणाला कळणारही नाही.' झाले! ती दुरूनच मान हलवून सांगू लागली, "फास आहे. तिकडे फिरकू नका." बांधावर विसरलेले शेळीचे दावे फास ठरले. फुटकी पाटी फास ठरली. पाण्याची रबरी नळी तर सगळ्यात मोठा फास ठरली. हळूहळू ओढ्याकाठचे हिरवे गवत सुटले, हरभऱ्याचे शेतही सुटले, आणि ससे माळावरच्या वाळक्या काड्या चघळत दिवस काढू लागले.

एकदा एक मुंगूस तिला म्हणाले, "त्या फुटक्या पाटीखाली मी काल विंचू मारून खाल्ला. ती साधी पाटी आहे. तुम्ही जवळून पाहिलीत का?"

"मला अनुभव आहे. जवळ जायची गरज नाही," सशीण म्हणाली.

"अनुभव आहे, हे खरंच. पण 'हा फास नाही' असं तुमच्या तोंडून मी किती तरी दिवसांत ऐकलेलं नाही," असे म्हणून मुंगूस निघून गेले. सशिणीला ते बोलणे झोंबले. पण तिने ते मनावर घेतले नाही.

शेजारच्या जाळीतली एक सशीण नुकतीच व्याली होती. ती एके सकाळी आली आणि काकुळतीने म्हणाली, "बाई, माझं दूध आटत चाललंय. पिल्लं नुसती चुळबुळ करतात. त्या दाव्यापलीकडचा चार घास हरभरा मिळाला, तर बरं होईल. एकदा पाहाल का जवळून?"

"पिल्लांना आई हवी की हरभरा?" प्रौढ सशीण म्हणाली. शेजारीण खाली मान घालून परत गेली.

पण भुकेल्या पिल्लांसमोर ती किती वेळ बसणार? त्याच संध्याकाळी तिने डोळे मिटून दाव्यावरून उडी मारली. काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी ती पाटीला घासून गेली. तरीही काही झाले नाही. तिने पोटभर हरभरा खाल्ला, पिल्लांना दूध मिळाले, आणि बाईंना काही कळत नाही, अशी तिची खात्री झाली.

काही दिवसांनी, ऊन उतरल्यावर, प्रौढ सशीण शेताच्या काटेरी कुंपणाकडे सहज पाहत होती. कुंपणातल्या फटीशी तिला ताज्या फांद्या दिसल्या. त्यांची तोडलेली टोके पांढरी होती. वाऱ्यावर माणसाचा वास आला. फटीत, बरोबर सशाच्या उंचीवर, दोरीचे एक वर्तुळ लोंबत होते. हा खरा फास होता! आणि शेजारीण नेमकी तिकडेच निघाली होती.

"अगं, थांब! तिथे फास आहे!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"तुमच्या लेखी सगळा माळच फास आहे, बाई!" असे म्हणत शेजारीण फटीत शिरली. फास तिच्या कमरेभोवती आवळला गेला. ती किंचाळली.

आसपासचे ससे जाळ्यांत पसार झाले. प्रौढ सशीणही पळाली, पण थोडे अंतर जाऊन थबकली. 'जवळ जाऊ नका' असे तिने इतरांना इतके दिवस सांगितले होते, की जवळ जायला आता तिचेच पाय धजत नव्हते. तेवढ्यात शेताच्या पलीकडून माणसाचा खोकला ऐकू आला. ती वळली आणि थेट कुंपणाशी गेली.

"ओढू नकोस! ओढशील तेवढा आवळेल. गप्प पडून राहा," असे म्हणून तिने फास बांधलेल्या खुंटीजवळ दोरी दातांत धरली आणि भराभर कुरतडायला सुरुवात केली. पावले जवळ आली. दोरीचा शेवटचा धागा तुटला, आणि दोघी धूम पळत सुटल्या.

जाळीत पोहोचल्यावर तिने शेजारणीच्या कमरेचा फास दातांनी सैल केला. शेजारीण हुंदके देत म्हणाली, "बाई, चुकलं माझं. तुमचं ऐकलं नाही."

"ऐकत होतीस, तेव्हा तुझी पिल्लं उपाशी होती," प्रौढ सशीण म्हणाली. "तू ऐकेनाशी झालीस, ती माझ्यामुळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्या सशांना घेऊन निघाली. प्रत्येक वस्तूजवळ जाऊन तिने ती हुंगून पाहिली. दाव्यापाशी आणि पाटीपाशी ती स्पष्टपणे म्हणाली, "हा फास नाही." नळीपाशी मात्र ती घुटमळली. मग म्हणाली, "हे काय आहे, मला ठाऊक नाही. मुंगसाला विचारू." कुंपणापाशी तिने सगळ्यांना ताज्या फांद्या कशा ओळखायच्या ते दाखवले आणि दुसऱ्या, मोकळ्या वाटेने शेताकडे नेले.

"इथे नक्की फास नाही ना, बाई?" एका सशाने विचारले.

सशिणीने वाट जवळून हुंगली. ती सर्वांच्या आधी आत शिरली आणि हरभरा खाऊ लागली.

तात्पर्य : सरसकट सगळ्यालाच धोका म्हणणाऱ्याला कोणी दोष देत नाही, पण खरा धोका समोर आला, की त्याच्या सांगण्याला किंमत उरत नाही.