आधी अंघोळ, मग नाव

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या हद्दीला चिकटून, कुर्कीलाहती नावाचं गाव आहे. घरं थोडी, तळं मोठं, बाकी सगळं जंगल. या गावात आल्याआल्या पाहुण्याला नाव विचारत नाहीत. आधी सॉनात नेतात. सॉना म्हणजे तळ्याकाठची ओंडक्यांची खोली. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि त्या वाफेत बसायचं. अंघोळ झाली, कोरडे कपडे अंगावर चढले, की मग यजमान विचारतो, आपण कोण, कुठले. आमच्या बाबतीतही तसंच झालं. नंतर जेवताना आमच्या घरमालकीण, वृद्ध आउनेबाई, यांनी हा रिवाज कसा पडला ते सांगितलं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा फिनलंडवर स्वीडनच्या राजाचा अंमल होता आणि तळ्यापलीकडचा मुलूख रशियाच्या झारचा. दोन्ही काठांची बोली जवळजवळ एकच, मासेही एकाच पाण्यातले. पण चर्च वेगळं आणि राजा वेगळा. राजांची लढाई जुंपली की काठावरचे लोक एकमेकांची घरं जाळत. आदल्या हिवाळ्यात पलीकडून टोळी आली, तेव्हा हिल्प्पा नावाच्या बाईचा नवरा मारला गेला. मग इकडचे लोक पलीकडे गेले आणि त्यांनीही तेच केलं. त्यानंतर बर्फावर लांब एखादा ठिपका हलला तरी लोक कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडत.

अशाच एका शनिवारी दुपारी गोठलेल्या तळ्यावरून एक माणूस स्कीवरून एकटाच येताना दिसला. हात रिकामे दिसावेत म्हणून त्याने स्कीच्या काठ्या लांबूनच टाकून दिल्या होत्या. गावचा पुढारी ताहवो याने त्याला खाली पाडून बांधलं. माणूस सांगू लागला, झारची पलटण आमच्या गावात येतेय. कुर्कीलाहतीची वाट दाखवायला त्यांना आमच्यातलाच कोणीतरी लागेल. आम्ही त्यांना भलतीकडे नेऊ. तुम्ही फक्त वचन द्या, की पुन्हा आमच्याकडे आग घेऊन येणार नाही.

कोणालाही ते खरं वाटलं नाही. हा आमची माणसं किती उरलीत ते बघायला आलाय, असं ताहवोचं म्हणणं पडलं. परत गेला तर पलटण घेऊनच येईल. मासेमारीसाठी बर्फात पाडलेल्या भोकात त्याला ढकलून द्यायचं ठरलं.

शनिवार सॉनाचा दिवस. त्या माणसाला हिल्प्पाच्या दारात बांधून ठेवलं होतं आणि तिच्या सॉनातले दगड तापलेले होते. ती म्हणाली, मारायचं तर मारा, पण माझ्या दारातून माणूस न्हाल्याशिवाय मरायला जाणार नाही. ताहवो कबूल झाला. त्याचा हेतू वेगळा होता: कपडे उतरले की लपवलेलं काहीतरी सापडेल. त्यांनी बुटांचे तळ उसवले, टोपीचं अस्तर फाडलं. काही निघालं नाही.

आत वाफेत ताहवो त्याच्या मागे बसला. त्या माणसाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत भाजल्याची गुलाबी कातडी ताणली होती.

“हे कधीचं?” ताहवोने विचारलं.

“तुम्ही आला होतात तेव्हाचं.”

ताहवोने दगडांवर आणखी पाणी टाकलं. मग म्हणाला, “म्हणजे आमचा घात करायला तुझ्याकडे कारण आहे.”

“आहे,” तो माणूस म्हणाला. “पण नवं घर आत्ताच बांधून झालंय. ते परत जळायला नको.”

ते दोघे बाहेर आले तरी गावाची शंका फिटली नाही. तेव्हा हिल्प्पा म्हणाली, याला सोडा, मी याच्याबरोबर जाते. तुझा विश्वास बसला का, असं ताहवोने विचारलं.

“नाही. म्हणून तर जाते. तो काय करतो ते तिथे राहून बघेन. पलटण इकडे वळली तर काठावर आग लावीन. ती दिसली की जंगलात पळा.”

तर ती गेली. त्या माणसाच्या बायकोचं नाव पालागा. पालागाने आधी खाल्ल्याशिवाय हिल्प्पा घास उचलत नसे, आणि हिल्प्पाला झोप लागल्याशिवाय पालागा डोळे मिटत नसे.

मग पलटण आली. घरात शिरलेल्या अधिकाऱ्याने बघितलं, की देवाच्या तसबिरीपुढे सगळे हाताने छातीवर क्रूसाची खूण करतात, ही एकच बाई करत नाही. हिल्प्पाच्या चर्चमध्ये तशी रीत नव्हती. ही कोण, असं त्याने दुभाष्यामार्फत विचारलं. हिल्प्पाने तोंड उघडलं असतं तर दुभाष्याने तिचा पलीकडचा हेल पहिल्याच शब्दाला ओळखला असता. तिने मान खाली घातली. आता पालागा आपल्याला धरून देणार, याची तिला खात्री होती.

“माझी बहीण,” पालागा म्हणाली. “जन्मापासून मुकी आहे. डोक्यानेही अधू.”

खोटं उघडं पडलं असतं तर दोघीही गेल्या असत्या.

पालागाचा नवरा वाट दाखवायला पलटणीच्या पुढे निघाला. हिल्प्पा चकमक आणि सुकी साल घेऊन काठावर गवताच्या गंजीपाशी उभी राहिली. पलटणीची माणसं तळ्यावर उतरली नाहीत. उत्तरेकडे, दलदलीच्या बाजूच्या झाडीत एकामागून एक शिरली. शेवटचा शिपाई दिसेनासा होईपर्यंत तिने चकमक हातातून सोडली नाही.

पलटण जंगलात भरकटली, उपाशी आणि गारठून परतली, आणि आपल्या ठाण्याकडे निघून गेली. तो माणूस मात्र त्यांच्यात नव्हता. अधिकाऱ्याला संशय येऊन त्याने गोळी घातली, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, त्याने झारची चाकरी धरली आणि बायकोपोरांना विसरला.

बर्फ वितळल्यावर पालागा स्वतः होडी वल्हवत हिल्प्पाला घेऊन आली. ताहवोने तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ज्याला बुडवायला निघाले होते त्याचं नाव तोवर गावात कोणी विचारलंच नव्हतं. “ओन्त्रेई,” ती म्हणाली. त्याच दिवशी दोन्ही गावांनी शपथ घेतली, की राजे लढोत, आपण एकमेकांच्या दारात आग न्यायची नाही. आणि ताहवोने रीत घालून दिली, की येईल त्याला आधी न्हाऊ घालायचं. नाव कळलं की काठ कळतो आणि हात कुऱ्हाडीकडे जातो.

आजही कुर्कीलाहतीत ओन्त्रेईबद्दल दोन तट आहेत, आणि लग्नाकार्यात वाद निघतो. आउनेबाईंना काय वाटतं, असं आम्ही विचारलं. त्यांनी कपात कॉफी ओतली.

“हिल्प्पालाही ताहवोने हेच विचारलं होतं म्हणे, तो मेला की फितूर झाला. ती म्हणाली, मला माहीत नाही. पण मला आग लावावी लागली नाही.”