खांब होणाऱ्या राजांचे वळण

एका राज्यात रस्ते सरळ होते, झाडे सरळ रांगेत होती, नदी सुतासारखी सरळ वाहत होती, आणि राजे तर इतके सरळ, की शेवटी त्यांचे खांबच होत. हे मी पदरचे सांगत नाही. राजवाड्याच्या सभामंडपात सहा दगडी खांब होते आणि सहाही खांबांना नाके होती. त्यातल्या एकाच्या मिशीवर चिमण्यांनी घरटे केले होते.

झाले होते असे. या घराण्याचा मूळपुरुष राजा दृढकेतू याने वाड्यासमोरून वळसे घेत जाणारी नदी पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माझ्या राज्यात हा वाकडेपणा खपायचा नाही," असे म्हणून त्याने पाट खणला आणि नदी सरळ केली. नदीच्या मोठ्या वळणात एक डोह होता. त्या डोहात डोहाई नावाची चेटकीण राहत होती. तिचे घर एका दिवसात कोरडे पडले. ती तशीच ओल्या केसांनी सभेत आली आणि म्हणाली, "राजा, तुझ्या घराण्यात थोरला मुलगा सोळा वर्षांचा झाला, की त्याचा बाप ताठच्या ताठ दगड होईल. घराण्याला वळण लागेल, तेव्हाच हा शाप सुटेल." एवढे बोलून ती डोंगरापलीकडे निघून गेली.

आता 'घराण्याला वळण लागेल' म्हटल्यावर तुम्ही-आम्ही काय समजू? तेच ते समजले. मुलांना शिस्त लावायला घेतली. लवकर उठावे, ताठ बसावे, मोजके बोलावे, शिंक आली तर परवानगी मागावी. दृढकेतूचा खांब झाला. मग शिस्त आणखी कडक झाली. त्याच्या मुलाचाही खांब झाला. आपला उपायच चुकतो आहे, असे कुणाच्या मनात आले नाही, कारण तसे मनात येणे हीच मोठी बेशिस्त होती.

सहाव्या खांबाचा मुलगा राजा दंडधर. त्याची राणी कांतिमती. त्यांना एकच पुत्र, त्याचे नाव ऋजुसेन. ऋजू म्हणजे सरळ. बारशाला नाव शोभून दिसले. पण बारा वर्षे सरली आणि मुलगा भराभर उंच होऊ लागला, तसा त्याच्या पाठीचा कणा एका बाजूला कलला, आणि खाली जाता जाता चूक लक्षात आल्यासारखा दुसऱ्या बाजूला परतला. उजवा खांदा वर राहिला, डावा खाली. पाठीचे उजवे पाते अंगरख्यातून वर दिसू लागले. सभेत फार वेळ उभे राहिले की कमरेत कळ येई. मग सिंहासनावरून राजाचा आवाज येई, "बाळराजे, ताठ उभे राहा."

कुमार ताठच उभा असे. त्याला जेवढे ताठ होता येत होते, तेवढा तो होता. ज्याची पाठ सरळ आहे त्याला हे सांगून पटत नाही.

राजवैद्याने वेताच्या कांब्या आणि चामड्याचे पट्टे यांचे एक कवच केले. कुमाराने ते दिवसरात्र घालावे, असे ठरले. वैद्याचे काही चुकले नाही. कवचाने बाक वाढायचा थांबला. पण ते काखेत काचे, जेवताना पोटात रुते, उन्हाळ्यात आतून भिजे. राणी आपल्या जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या करून नेमक्या काचणाऱ्या जागी लावी, आणि अंगरख्याची एक बाजू आखूड शिवी, म्हणजे तो एका अंगाला लोंबत नसे.

"आईसाहेब, किती लुगडी फाडाल?" कुमार विचारी.

"लागतील तितकी," राणी म्हणे. "लुगडी माझी आहेत, राज्याची नाहीत."

राजाचे मात्र एकच सांगणे होते. कवच दिसता कामा नये. वर जरीचा शेला हवा. तसा राजा कोरडा नव्हता. हत्तीवरून जाताना कुमाराला तो नेहमी आपल्या पुढ्यात बसवी, त्याला मागे टेकायला आपली चिलखत घातलेली छाती देई, आणि वाटभर त्याबद्दल एक शब्द बोलत नसे. कुमाराचा बापावर फार जीव होता. तोही हे बोलत नसे. शिस्त होती ना.

कुमाराला सोळावे पुरे व्हायला थोडेच दिवस राहिले होते. एका सकाळी राजा सिंहासनासमोर उभा राहून न्याय देत होता. निवाडा सांगून चालू लागला, तर पाय उचलेनात. घोट्यापर्यंत दगड झाला होता. सभेने माना खाली घातल्या. राजा म्हणाला, "पुढचा वादी आणा."

कुमार सज्जात येऊन उभा राहिला. त्याला रडू येत होते. तोच बाकदार चोचीचा एक शराटी पक्षी कठड्यावर उतरला आणि बोलू लागला.

"कुमार, डोहाई अजून जिवंत आहे. डोंगरापलीकडच्या डोहात राहते. वाट तीन ठिकाणी अडते. जायचे असेल तर आज नीघ."

"माझी पाठ फार चालू देत नाही."

"माझी चोच पाहिलीस? लोक म्हणतात, हिने खाता कसे येते. येते. फक्त इतरांसारखे नाही."

राणीने नव्या घड्या लावून दिल्या, शिदोरी बांधून दिली. "दुखले की बस," एवढेच ती म्हणाली. कुमार निघाला, शराटी वरून उडू लागला.

पहिला अडसर होता डोंगर. घाईने चढणाऱ्याला पाहिले की तो वाढे. किती वीर धावत वर गेले आणि डोंगरही त्यांच्याबरोबर वर गेला. ते अजून चढतच आहेत. ऋजुसेनाला घाई करणे जमणारेच नव्हते. फासळ्यांनी एका बाजूला दाटी केलेली, त्यामुळे दम लवकर लागे. तो थोडे चढे आणि बसे. पुन्हा थोडे चढे, पुन्हा बसे. डोंगराला वाटले, हा चढायला आलेला नव्हे, बसायला आलेला आहे. त्याने वाढायचा कंटाळा केला. कुमार माथ्यावर पोहोचला, तिथेही आधी बसला, आणि पलीकडे उतरला.

दुसरा अडसर होती वेस. तिथे एक राक्षस हातात ओळंबा धरून उभा होता, गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला दोरीला वजन बांधून धरतात तसा. खोटे बोलणाऱ्याला तो वेशीत चिणून टाकी. वेस बरीच रुंद झाली होती.

"मुला, तुझा कोणता खांदा वर आहे?"

"उजवा. दोन बोटे. थकलो की तीन."

राक्षसाने ओळंबा धरून पाहिला. मग खाली ठेवला. "आजवर जो आला तो म्हणाला, दोन्ही सारखे. सारखे कुणाचेच नसतात."

"तुमचाही डावा जरा वर आहे," कुमार म्हणाला.

"फार दिसतो का?" राक्षसाने हळूच विचारले.

"नाही. मला सवय आहे, म्हणून दिसला."

राक्षस बाजूला झाला. कुमार पुढे गेला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत डोहाशी पोहोचला. डोहाई काठावर केस वाळवत बसली होती. ते कधी वाळत नसत.

"बाई, मी दंडधर राजाचा मुलगा. बाबांवरचा शाप सोडवायला आलो आहे."

"शाप सोडवायचा तुमच्या घराण्याने. मी काय म्हणाले होते?"

"घराण्याला वळण लागेल, तेव्हा शाप सुटेल. पण आम्हाला वळण पुष्कळ आहे, बाई. आम्ही शिंकतानाही परवानगी मागतो."

डोहाई हसू लागली. हसता हसता डोहात लाटा उठल्या. "अरे, मी नदीत राहणारी बाई. माझ्या तोंडी वळण म्हणजे काय असणार? तुमच्या शिस्तीशी मला काय करायचे?"

कुमाराचा हात आपोआप पाठीकडे गेला. "ते तर मला केव्हाच लागले आहे. मग शाप का सुटला नाही?"

"घराण्याला, असे म्हणाले होते मी. आणि झाकून ठेवलेले मी धरत नाही. घरी जा, म्हणजे कळेल."

मग वाटभर मनात घोळवलेला प्रश्न त्याने विचारला. "शाप सुटला की माझी पाठ सरळ होईल?"

"नाही, बाळा. तुझ्या पाठीत माझा शाप नाही, म्हणून माझा उपायही नाही. ते तुझ्या अंगाचे आहे."

कुमाराला फार वाईट वाटले. डोंगरावर जितक्या वेळा तो बसला होता, तितक्या वेळा त्याने स्वतःला सरळ पाठीने खाली उतरताना पाहिले होते. तो डोहाकाठी बसून रडला. चेटकीण असली तरी डोहाईने त्याला उगीच शहाणपण सांगितले नाही. ती शेजारी बसून राहिली.

मग तिने पाण्याने काठोकाठ भरलेली एक घागर त्याच्यापुढे ठेवली. "याने दगड विरघळायचा नाही, पण अडलेला आवाज मोकळा होईल. थेंब सांडला तर सगळे वाया."

हा तिसरा अडसर. कुमाराने घागर डोक्यावर घेऊन पाहिली, ती डुचमळली. खांद्यावर घेतली, ती घसरू लागली. मग त्याने ती डाव्या कमरेवर टेकवली. त्याची डावी कंबर बाहेर आलेली होती आणि तिच्यावर मोठी खोबण पडली होती. घागर तिथे अशी बसली, जणू घरच्या चुलीवर बसली. पाणवठ्यावरच्या बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. राजपुत्राला उशिरा कळले. राक्षसाने वाट दिली, डोंगराने डोळे उघडलेच नाहीत, आणि बसत बसत, जपत जपत कुमार वाड्यावर आला.

त्या दिवशी त्याला सोळावे पुरे होणार होते. सभा भरली होती. चिलखताच्या आत राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता. आवाज बंद, डोळे तेवढे हलत होते.

कुमाराने घागर खाली ठेवली. शेला काढला, अंगरखा काढला, कवचाचे पट्टे सोडले, आणि उघड्या पाठीने सभेसमोर उभा राहिला. "हे घराण्याचे वळण," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहावे."

दगड हनुवटीखाली थबकला. पण मागे हटला नाही.

मग कुमाराने ओंजळ भरून पाणी बापाच्या गळ्यावर ओतले. गळ्यात खरखर झाली. राजाचे पहिले शब्द असे होते, "बाळराजे, अंगात घाला. वारा लागेल."

नंतर तो सभेकडे पाहून बोलला. "कुमाराची पाठ पाहिलीत. तो माझ्या वळणावर गेला आहे."

मंत्री म्हणाले, "होय महाराज, नाक अगदी तुमचेच."

"मी नाकाचे बोलत नाही," राजा म्हणाला. "माझे चिलखत काढा."

कुणी पुढे होईना. राणी कांतिमती पुढे झाली. कोणता बंद कुठे आहे, हे तिला न पाहता ठाऊक होते. चिलखत निघाले. त्याच्या आत जागोजागी जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या होत्या. राजाची पाठ एका बाजूला कलली होती, आणि खाली जाता जाता दुसऱ्या बाजूला परतली होती.

"कुमाराच्या वयापासून मी लोखंडात उभा आहे," राजा म्हणाला. "मला लाज वाटत होती. ती लाज मी याच्याही अंगावर घातली. माझे चुकले."

हे ऐकताच गळ्यापासून घोट्यापर्यंत दगड तडकला आणि पोपड्यांसारखा गळून पडला. सहाही खांबांनी सुस्कारा सोडला. कुणाचा एक खांदा उतरला, कुणाची कंबर कलली, आणि त्यांत अडकलेले जीव मोकळे झाले. छत पडले नाही. बाहेर नदीने पाटाचा काठ फोडला आणि ती आपल्या जुन्या वळणाने निघाली. दुपारपर्यंत डोह भरला, संध्याकाळी डोहाई परत राहायला आली. पुढे दंडधराने पुष्कळ वर्षे राज्य केले, त्याच्यामागे ऋजुसेनाने केले. कुणाचा खांब झाला नाही.

पण ते नंतरचे. त्या दिवशी सभा उठल्यावर राजाला उभे राहवेना. तो सिंहासनाच्या पायरीवर बसला आणि हाताने शेजारची जागा झाडली. मुलगा येऊन बसला.

मग राजाने विचारले, "दुखते का रे?"

"हो," मुलगा म्हणाला. "तुम्हाला?"

"फार," राजा म्हणाला.

मुलगा बापाला टेकला, बाप मुलाला. तसे टेकायला माणूस तुम्हा-आम्हाला मिळो. कहाणीही आता इथे बसते. फार वेळ उभी होती.